विधानसभेचा उमेदवार आणि आपला ज्ञातिसमाज

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



 अशा प्रसंगीचे भाषण गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करणारे, पूर्वजांचे स्मरण करणारे आणि भोजनाची वेळ सांभाळणारे असावे, असा आपला प्रघात आहे. विद्यार्थ्यांचे कौतुक आताच अध्यक्षांनी यथायोग्य केले. पूर्वजांचे स्मरण आम्ही करणार आहोतच, आणि भोजनाची वेळही कसोशीने पाळू. परंतु त्यांच्या जोडीला एक अवघड विषय आज आपल्यापुढे ठेवण्याची परवानगी मागतो. विषय असा : विधानसभेचा उमेदवार आपल्या दारी येतो, तेव्हा आपण भंडारी समाजाने त्याला काय विचारावे?

हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. तिच्या आधी एक उमेदवार आपल्या मंडळाच्या कार्यालयात आले होते, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. ते आपल्या ज्ञातीचे. बोलणे नम्र, वागणे अदबीचे. कार्यकारिणीतील वडीलधाऱ्यांच्या पाया पडून ते बसले आणि म्हणाले, "काका, मी तुमचाच आहे. समाजाने पाठिंब्याचे एक पत्र द्यावे. निवडून आलो की अर्धवट राहिलेल्या समाजभवनाचे काम आमदार निधीतून पहिल्या वर्षी पुरे करतो." आपल्या भवनाचे खांब कित्येक पावसाळे उघड्यावर भिजत उभे आहेत, हे आपण जाणताच. त्यामुळे हे शब्द ऐकताच कार्यकारिणीतील बहुतेकांच्या मनाला पालवी फुटली. आम्ही स्वतः पत्र देण्याच्या बाजूचे होतो, हे येथे प्रांजळपणे कबूल करतो. पत्राचा मसुदा आमच्याच हातचा होता.

तो मसुदा सभेत वाचला गेला, तेव्हा गावाकडून आलेल्या एक भगिनी शांतपणे उठल्या. त्यांनी एवढेच विचारले, "भवन होईल तेव्हा होईल. आमच्या वाडीतल्या नळाला मार्चपासून पाणी नसते, त्याबद्दल या भाऊंनी काय सांगितले?" सभेत कोणापाशीच उत्तर नव्हते, कारण तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. पाऊण तास उमेदवार आपल्या कार्यालयात बसले, दोनदा चहा झाला, आणि पाण्याविषयी, शाळेविषयी, माडबागायतीविषयी एक अक्षरही आम्ही त्यांना विचारले नाही. पत्र दिले गेले नाही. ते गृहस्थ पुढे निवडून आले की पडले, हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. मात्र पत्र न दिल्याने आपल्यांतील काही बांधव अद्याप आमच्यावर रुष्ट आहेत, आणि 'भवन हातचे घालविले' असा ठपका आमच्यावर आहे. त्या ठपक्याचे उत्तर देणे हे आजच्या भाषणाचे प्रयोजन होय.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. राज्याच्या कायदेमंडळात कोण काय भूमिका घेतो, याच्याशी आपल्या ज्ञातीच्या चुलीचा जेवढा संबंध आला आहे, तेवढा फारच थोड्या ज्ञातींच्या वाट्याला आला असेल. आपला पिढीजात व्यवसाय माडाचा. पोय छेदून माडी काढावी, नीरा उतरवावी, नारळाची निगा राखावी, यांवर किनारपट्टीतील हजारो घरे उभी होती. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. झाडांवरील कर, परवाने आणि मक्ते यांची पकड त्या कायद्याने आवळली गेली आणि ठाणे-कुलाबा किनाऱ्यावरील पुष्कळ भंडारी कुटुंबांना आपल्याच माडावर चढणे परवडेनासे झाले. त्या वेळी कायदे करणाऱ्या सभेत आपला म्हणावा असा एकही निर्वाचित माणूस नव्हता. पुढे १९३९ मध्ये मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग झाला आणि १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा आला. आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. दारूबंदीचा हेतू चांगला की वाईट, या वादात आम्ही शिरत नाही. आमच्या घरातच त्यावर दोन मते होती : आमचे आजोबा माडावर चढत, आणि आमची आजी दारूच्या नावाने कपाळाला हात लावी. सांगावयाचे ते एवढेच की, आपल्या आजोबा-पणजोबांनी कोयता खाली ठेवला तो आळसाने नव्हे. प्रांतिक कायदेमंडळात झालेल्या कायद्यांनी तो ठेवावयास लावला. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत मादक पेयांचा विषय आजही राज्यसूचीत आहे. म्हणजे माडाचा परवाना कसा असावा, नीरेला उत्तेजन द्यावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार आजही मुंबईतील विधानभवनातच आहे. अशा ज्ञातीने विधानसभेच्या उमेदवाराला भवनापलीकडे काही विचारू नये, हे आश्चर्य म्हटले पाहिजे.

आता पूर्वजांचे स्मरण. आपल्या प्रत्येक स्मरणिकेत रावबहादूर सीताराम केशव बोले यांचे छायाचित्र असते. ते आपल्या ज्ञातीचे, याचा आपणांस अभिमान आहे आणि तो असावयासच हवा. परंतु त्या छायाचित्राखाली आपण काय लिहितो? 'समाजभूषण', 'ज्ञातिरत्न'. ही विशेषणे खोटी नाहीत, तथापि अपुरी आहेत. बोले मुंबईच्या कायदेमंडळात गेले आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी मांडलेला ठराव तेथे संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांस खुले असावेत, असा त्या ठरावाचा आशय होता.

या ठरावात आपल्या ज्ञातीसाठी काय होते, याचा विचार करून पाहा. काहीही नव्हते. ज्या पाणवठ्यांविषयी बोले बोलत होते, त्यांवर जावयास भंडाऱ्यांना मनाई नव्हती. ज्यांना मनाई होती, त्यांच्या तहानेचा प्रश्न त्यांनी आपला मानला. त्यापूर्वी १९०९ मध्ये मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांसाठी कामगार हितवर्धक सभा स्थापन करण्यात ते अग्रभागी होते, आणि त्या गिरण्यांत सर्व जातींचे कामगार होते. १९०७ साली भीमराव आंबेडकर नावाचा एक विद्यार्थी मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या सत्काराची जी लहानशी सभा भरली तिचे अध्यक्षही बोलेच होते. त्याच सभेत विद्वान कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले. आपल्या ज्ञातीची थोरवी कशात, असे कोणी विचारले, तर आम्ही बोल्यांकडे बोट दाखवू. आपल्या जातीपलीकडचा गुण आणि आपल्या जातीपलीकडची तहान त्यांना दिसली.

म्हणून 'आपला माणूस' या शब्दांचा अर्थ आपण बोल्यांच्याच चरित्रावरून ठरवावा, असे आम्हांस वाटते. भवन बांधून देतो तो आपला, हा अर्थ फार तोकडा आहे. ज्याच्या भूमिकेमुळे पुढच्या पिढीला त्याचे नाव सांगताना मान ताठ करता येते, तो आपला.

परंतु बंधुभगिनींनो, या इतिहासाला दुसरीही एक बाजू आहे आणि मतदार म्हणून ती आपणांस अधिक उपयोगाची आहे. ठराव संमत झाला म्हणजे पाणी मिळाले, असे झाले नाही. १९२३ च्या सप्टेंबरात सरकारने आपल्या खात्यांना तो अमलात आणण्याची सूचना केली. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. तळे कागदावर खुले झाले, तळ्यावर मात्र कोणी जाऊ शकले नाही. ज्या संस्था ठराव पाळणार नाहीत त्यांना सरकारी अनुदान देऊ नये, अशी शिफारस करणारा दुसरा ठराव बोले यांना १९२६ मध्ये मांडावा लागला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी लोकांसह त्या तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि परतणाऱ्या लोकांस मारहाण झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. कायदेमंडळातील ठरावापासून उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत साडेतेरा वर्षे गेली.

हीच गोष्ट खोतीची. कोकणातील खोती पद्धतीखाली कुळांचे काय हाल होते, हे आपल्या आज्यांच्या तोंडून आपण ऐकले आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीस तो एका लेखी कार्यक्रमानिशी सामोरा गेला. कुळांचे संरक्षण, मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण, कामगारांचे तास व रजा, असे प्रश्न त्या कार्यक्रमात होते. त्या पक्षाच्या तिकिटावर सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर असे इतर ज्ञातींचे लोकही कायदेमंडळात गेले. निवडून आल्यावर सात महिन्यांच्या आत, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक सादर केले. १९३८ च्या जानेवारीत कोकणातील हजारो कुळे मुंबईत मोर्चाने आली. ते विधेयक त्या वेळी पार पडले नाही. खोती निर्मूलनाचा कायदा झाला तो १९४९ मध्ये. तरीही आम्ही हा दाखला मुद्दाम देतो, कारण उमेदवाराने मत मागताना काय सांगितले आणि निवडून आल्यावर काय केले, हे त्यात ताडून पाहता येते. मागताना लिहून दिले, आणि सभागृहात जाऊन तेच मांडले. अपयश आले ते संख्याबळाचे होते. शब्द फिरविल्याचा बोल त्यांना लागला नाही.

या दोन दाखल्यांतून आम्ही एक साधा धडा घेतो. उमेदवाराला 'तुम्ही या प्रश्नाच्या बाजूचे आहात का?' असे विचारून भागत नाही. पाण्याच्या, शाळेच्या, रस्त्याच्या विरुद्ध असलेला उमेदवार आजवर कोणी पाहिला आहे? विचारावयाचे ते पुढचे : हे काम कोणत्या खात्याचे, कोणत्या पैशातून होणार, अडले तर आपण सभागृहात काय करणार, आणि किती दिवसांत आम्हांला उत्तर देणार?

येथे आमदाराच्या हाती काय असते, हे थोडे स्पष्ट करणे अवश्य आहे. मुंबई-गोवा रस्ता रखडला म्हणून आपण विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला धारेवर धरतो. तो रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे आणि राष्ट्रीय महामार्गांचा विषय संघसूचीत येतो. कोकण रेल्वेही केंद्राचीच. या बाबतीत आमदार पाठपुरावा करू शकेल, भूसंपादनातील अडथळे दूर करावयास साह्य करू शकेल. परंतु 'मी रस्ता करून देतो' असे तो म्हणाला, तर त्याने आपल्या अधिकाराबाहेरचे वचन दिले असे समजावे. उलट पाणीपुरवठा, जमीन, सार्वजनिक आरोग्य, पोलीस, स्थानिक संस्था, मासेमारी आणि अबकारी हे विषय राज्यसूचीत आहेत. शिक्षण १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहे, तरी शाळा चालविण्याचे काम राज्यात राज्यच करते. एस. टी. महामंडळही राज्याचे. अर्थात् आपल्या दैनंदिन जीवनातील बहुतेक दुखण्यांचे औषध ज्या कपाटात आहे, त्याची किल्ली विधानसभेच्याच हाती असते.

आता गावाकडचे चार प्रश्न आम्ही नमुन्यादाखल सांगतो.

पहिला पाण्याचा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि त्याच जिल्ह्यांतील उंचावरच्या वाड्या एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहतात. कातळ आणि उतार यांमुळे पाणी थांबत नाही, समुद्राला मिळते. २०१९ मध्ये केंद्राने जलजीवन मिशन सुरू केले. प्रत्येक ग्रामीण घरास नळ आणि दर माणशी रोज ५५ लिटर पाणी, हे त्याचे लक्ष्य असून खर्चाचा वाटा केंद्र आणि राज्य उचलतात. नळ बसला म्हणजे पाणी आले असे नव्हे, हे त्या भगिनींनी आम्हांस शिकविले. ज्या विहिरीवर योजना उभी आहे ती विहीरच फाल्गुनात आटत असेल, तर घरोघरचे नळ शोभेचे ठरतात. तेव्हा उमेदवाराला विचारावे : आमच्या योजनेचा उद्भव उन्हाळ्यात टिकतो काय, याची तपासणी आपण करवून घ्याल काय? बंधारा कोठे घालणार? आणि पंपाचे वीजबिल ग्रामपंचायतीला झेपले नाही, तर काय?

दुसरा शाळेचा. आपली मुले मुंबई-पुण्यास आली आणि गावच्या शाळांचा पट खाली गेला, हे सत्य आपण नाकारू नये. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव २०२३ मध्ये शासनाने मागविले. त्यास अनुकूल अशी कारणे आहेत : चार मुलांना एकच शिक्षक चार इयत्ता शिकवितो, खेळायला सोबती नसतो. प्रतिकूल कारणेही आहेत : पऱ्या ओलांडून, पावसात, सहा वर्षांच्या मुलीने तीन मैलांवर जावे कसे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी. उमेदवाराने या प्रश्नावर बाजू घ्यावी आणि तिचे कारण सांगावे. 'शिक्षण हे वाघिणीचे दूध' असे म्हणून टाळ्या घेणाऱ्यास आपण पुन्हा नम्रपणे विचारावे, "होय साहेब, पण आमच्या वाडीची शाळा राहणार की जाणार?"

तिसरा माडाचा. माडावर चढणारा माणूस आज शोधून सापडत नाही आणि सापडला तर त्याच्या विम्याची सोय नाही. भाट्ये येथे नारळाचे संशोधन केंद्र आहे. तेथील ज्ञान आपल्या परसातील माडापर्यंत किती पोहोचते? नीरा आंबण्यापूर्वी विकावी लागते, तिला शीतपेटी आणि बाजार हवा. परवान्याची पद्धत सोपी करणे राज्याच्या हाती आहे. आपल्या पिढीजात धंद्याविषयी उमेदवाराचे मत काय, हे विचारण्यात संकोच कसला?

चौथा किनाऱ्याचा. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या कक्षेत येते. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे आणि २०२१ मध्ये त्यातील दंडाच्या तरतुदी कडक केल्या आहेत. तरी यांत्रिक मोठ्या जाळ्यांचे मालक आणि पारंपरिक होडीवाले यांचा तंटा मिटलेला नाही. आपले गाबीत आणि कोळी शेजारी या तंट्यात होरपळतात. हा प्रश्न आपल्या ज्ञातीचा नाही, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर बोले यांनी १९२३ मध्येच देऊन ठेवले आहे.

मुंबईकर बांधवांचे प्रश्न निराळे. जुन्या चाळींचा पुनर्विकास, भाडेकरूंचे हक्क, नाल्यांतील तुंबलेले पाणी. यांपैकी नाला महापालिकेचा, परंतु भाडेकरूंचा कायदा आणि म्हाडा ही राज्याची. मुंबई महापालिकेच्या सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर काही वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. नगरसेवक नसल्यामुळे गटाराच्या झाकणासाठीही लोक आमदाराकडे जाऊ लागले. आमदार गटाराच्या झाकणात गुंतला, तर भाडेकरूंच्या कायद्यावर तो बोलणार केव्हा? म्हणून स्थानिक संस्थांच्या निवडणुका वेळेवर व्हाव्यात याविषयी आपली भूमिका काय, हाही विधानसभेच्या उमेदवाराला विचारण्याचाच प्रश्न आहे.

काही सुशिक्षित तरुण आम्हांस म्हणतील, उमेदवाराची सर्व माहिती आता प्रतिज्ञापत्रात असते. असते खरी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि आपल्यावरील फौजदारी खटले जाहीर करावे लागतात. ते प्रत्येकाने वाचावे. परंतु त्या प्रतिज्ञापत्रात उमेदवारापाशी किती तोळे सोने आहे हे कळते, पाण्याविषयी त्याचे मत काय आहे हे कळत नाही. तेवढा रकाना भरून घेण्याचे काम कायद्याने आपल्यावर सोडले आहे.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही आपली दिशाभूल केल्यासारखे होईल. १९८५ मध्ये संविधानाला दहावी अनुसूची जोडली गेली. तिच्या योगाने पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्या आमदाराचे सदस्यत्व जाऊ शकते. म्हणून उमेदवार भला आहे एवढ्यावर न थांबता त्याच्या पक्षाची त्या प्रश्नावरील भूमिका काय, हेही विचारावे आणि दोघांच्या भूमिका जुळत नसतील तर तो काय करणार, हे विचारावे. मत देण्यापुरता त्याचा हात बांधलेला असला, तरी त्याचे तोंड बांधलेले नसते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अशासकीय विधेयक, अर्धा तास चर्चा ही साधने प्रत्येक सदस्यास खुली असतात. मागील पाच वर्षे जे आमदार होते त्यांनी ही साधने आपल्या तालुक्यासाठी किती वेळा वापरली, याची नोंद विधानमंडळाच्या कामकाजात मिळते. ती पाहणे हा मतदाराचा हक्क आहे.

आता पत्राविषयी. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमान्वये धर्म, वंश, जात, पंथ किंवा भाषा यांच्या आधारे उमेदवाराने, अथवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी, मत मागणे हे भ्रष्ट आचरण होय. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने निर्णय दिला की, या कलमातील जात म्हणजे उमेदवाराची तशीच मतदाराचीही. म्हणजे 'आमच्या ज्ञातीचा म्हणून यांस मत द्या' असे पत्र आम्ही लिहिले असते, आणि त्या उमेदवाराने ते वाटले असते, तर त्याची निवडणूकच धोक्यात आली असती. आमचा मसुदा नेमका तसाच होता. त्या भगिनींनी आपल्या वाडीची तहान सांगितली आणि न कळत मंडळाला एका दोषातून वाचविले. याउलट माडाच्या परवान्याविषयी किंवा वाडीच्या पाण्याविषयी उमेदवाराचे मत विचारणे, ही जातीच्या नावाने केलेली याचना नाही. तो नागरिकाचा प्रश्न आहे.

तेव्हा आम्ही मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. एक : मंडळाने कोणत्याही उमेदवाराला, तो ज्ञातीचा असो वा नसो, पाठिंब्याचे पत्र देऊ नये. दोन : पुढील निवडणुकीपूर्वी मुंबईच्या शाखेने आणि गावोगावच्या शाखांनी मिळून प्रश्नांची एक यादी करावी, फार तर दहा प्रश्नांची, आणि ती मतदारसंघातील सर्व उमेदवारांस समान पाठवावी. जे उत्तर देतील त्यांची उत्तरे, आणि जे देणार नाहीत त्यांची नावे, सभासदांस कळवावीत. तीन : निवडून आलेल्या प्रतिनिधीची उत्तरे दर वर्षीच्या स्मरणिकेत पुन्हा छापावीत, आणि त्यांखाली वर्षभरात काय झाले याची दोन ओळींत नोंद करावी. जाहिरातींची दोन पाने कमी झाली तरी चालतील. खजिनदारांनी आमच्याकडे पाहिले, म्हणून सांगतो : त्या पानांचा भार उचलावयास आम्ही तयार आहोत.

यादी करताना मात्र एक पथ्य पाळावे. केवळ भंडारवाडीचे प्रश्न लिहू नयेत. नळ भंडारवाडीपर्यंत आला आणि वर धनगरवाडीपर्यंत किंवा पलीकडे बौद्धवाडीपर्यंत पोहोचला नाही, तर ते वाक्य यादीत सर्वांत वर असावे. बोले यांचे छायाचित्र छापण्याचा अधिकार आपणांस त्यायोगे मिळेल.

राहता राहिले भवन. ते आपण बांधावयाचे आहेच. त्यासाठी उद्यापासून वर्गणीचे पुस्तक फिरवावे, आणि पहिली पावती आमच्या नावाने फाडावी. आमदार निधी हा जनतेचा पैसा आहे. तो आपल्या भवनास मिळाला तर नियमाने मिळावा, मताच्या मोबदल्यात नको. आपल्या पैशाने बांधलेल्या भवनात बसून आपण कोणत्याही उमेदवाराला, तो कितीही आपला असला तरी, निर्भयपणे प्रश्न विचारू शकू. त्या दिवशी त्या भगिनींना पहिल्या रांगेत बसवावे, एवढीच आमची विनंती आहे.

भोजनाची घंटा वाजण्यापूर्वी आम्ही आपले शब्द आवरते घेतो.